पौषातलं एक जेवण

‘पौष निघू दे, मग बघू,’ हे लहानपणापासून ऐकत आले. लग्नाची बोलणी, नवी खरेदी, घर बदलणं, सगळं या महिन्यात थांबतं. मला मात्र बारा महिन्यांत हाच सगळ्यांत आवडतो. आहेर नाहीत, मानपान नाहीत. माणसं आपापल्या घरी असतात आणि मंडई पावटा, ओला हरभरा, गाजरं, वांगी, बोरं यांनी भरलेली. शाकंभरीच्या नवरात्रात देवीलाही नैवेद्य भाज्यांचाच.

आजी धुंधुरमास पाळायची. डिसेंबरच्या मध्यापासून भोगीपर्यंत सूर्य धनु राशीत असतो, तो हा काळ. त्यातल्या एखाद्या रविवारी ती अंधारातच चूल पेटवायची. उगवत्या सूर्याला नैवेद्य दाखवला की लगेच पानं वाढलेली. आम्ही पोरं अंघोळी उरकून कुडकुडत पाटावर. मुगाच्या डाळीची खिचडी, वांग्याचं भरीत आणि तीळ लावून थापलेली बाजरीची भाकरी. टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा आजी बोटांनी उचलायची, वाफ जाऊ द्यायची आणि आत लोण्याचा गोळा सरकवायची. तो विरघळून कडेनं ओघळेपर्यंत घास मोडायचा नाही, हा तिचा दंडक. बाजरी उष्ण, तीळ स्निग्ध आणि थंडीनं पोटात भुकेचा आगडोंब. पंचांगाचं आणि पोटाचं इतकं जमलेलं मी दुसऱ्या कुठल्या महिन्यात पाहिलं नाही.

लग्न होऊन कऱ्हाडला गेले, तेव्हा पौषाची आणखी एक ओळख झाली. जवळच्या पालीला खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं ते पौषातच. आपण ज्या महिन्यात मांडव घालत नाही, त्यात देव बोहल्यावर चढतो आणि तारळी नदीचा काठ भंडाऱ्यानं पिवळाधमक होतो. महिना वाईट असता तर देवानं तो निवडला असता का, असं तिथली जाणती माणसं विचारत. मला ते पटतं.

पुण्यात आल्यावर चूल सुटली, धुंधुरमास सोडला नाही. गॅसवर भाकरी फुगते, भरीत साधतं. जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे फार पहाटे उठावंही लागत नाही. तुमच्या घरी ही चाल मोडली असेल, तर भोगीच्या आत एक रविवार ठरवा. शेजारच्यांनाही बोलवा. बाजरीचं पीठ ताजं दळून आणा आणि लोण्याला हात आखडू नका.