खंडकऱ्याला जमीन, मजुराला दोन गुंठेही नाहीत?

अकलूजमध्ये घरकुलाचे अर्ज भरताना एकच प्रश्न आम्हाला हमखास अडवतो: जागा कुणाच्या नावावर? अनुदान आहे, योजना आहे, पायाखालची जमीन मात्र आपली नाही. २०२१ मध्ये ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली. गाव शहर झालं, ग्रामीण घरकुलाची दारं बंद झाली, आणि शहरी योजनेतही मालकीचा कागद लागतोच. तो कागद नसलेले बहुतेक आपलेच.

मग तालुक्यात जमीनच नाही का? आहे. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानं खाजगी साखर कारखान्यांच्या ताब्यातली जमीन सरकारजमा झाली आणि ती कसण्यासाठी १९६३ मध्ये शेती महामंडळ निघालं. आपल्या माळशिरस तालुक्यातही महामंडळाचे मळे आहेत. कारखान्यांनी ज्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या होत्या, त्या खंडकरी शेतकऱ्यांनी लढा दिला आणि २०१२ पासून जमिनी परत मिळवल्या. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच मळ्यांवर पिढ्यान् पिढ्या ऊस तोडणारे, पाणी देणारे मजूर मोडक्या चाळीत राहून घरासाठी फक्त दोन गुंठे मागत राहिले. मूळ मालकाचा हक्क सरकारला लवकर दिसतो. घाम गाळणाऱ्याचा हक्क मागणीच्या निवेदनात पडून राहतो. याला जात म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

पडीक सरकारी जमिनीवर वसाहत ही मागणी आपल्याला नवी नाही. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांचा ठराव झाला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी त्यासाठी वसाहत आयोग आणि दरसाल ५ कोटी रुपये मागितले. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांत हजारो लोक याच पडीक जमिनीसाठी तुरुंगात गेले. आपण मागतो ते त्याच मागणीचं आजचं रूप.

काही कार्यकर्ते विचारतात, गावासारखी वस्ती कशाला? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी गावाचे वाभाडे काढले, ते विसरलात का? नाही विसरलो. जिथं वेस आणि वेशीबाहेरचा राजवाडा असतो, ते गाव आम्हाला नकोच. आम्हाला हवं ते एवढंच: चालत जाता येईल अशी शाळा, ग्रंथालय, दवाखाना, बाजाराला जागा, आणि एकच पाणवठा. नाहीतर गावाबाहेर चार रांगा पत्र्याच्या खोल्या बांधून, मध्ये एक समाजमंदिर ठेवून सरकार मोकळं होईल.

आपल्याच जिल्ह्यात काम झालेलं आहे. सोलापूरजवळ कुंभारीला असंघटित कामगारांनी संघटित होऊन रे नगर उभं केलं. ३० हजार घरांचा प्रकल्प, त्यातली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात मिळाली. त्याआधी विडी कामगार बायांची १० हजार घरं तिथंच झाली होती. लाल बावट्याशी आपले मतभेद असतील, पण आडम मास्तरांची चिकाटी शिकण्यासारखी आहे. तरी एक गोष्ट डोळ्यांआड करू नका: वस्ती शहरापासून लांब गेली की रोज कामाला जायचं भाडं मजुराच्याच खिशातून जातं.

आणि मुंबईही लक्षात ठेवा. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: पालिकेला, म्हाडाला, मालकाला. २००१ मध्ये फक्त 'मोकळी' जमीन मोजायची, अशी दुरुस्ती झाली आणि पालिकेचा व म्हाडाचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. एका शब्दानं कामगारांची घरं गिळली! म्हणून आपल्या निवेदनातला शब्द न् शब्द तपासून घ्या.

आता काम काय? अकलूजचा विकास आराखडा नगरपरिषदेच्या हाती आहे. प्रारूप जाहीर झालं की ठरलेल्या मुदतीत हरकती द्याव्या लागतात. तोवर वाट बघू नका. प्रत्येक वस्तीत घरटी यादी करा: किती माणसं, किती वर्षं, भाडं किती. तलाठ्याकडून सरकारी गटांचे सातबारा काढा, आणि बेघरांच्या घरांसाठी आरक्षण कुठल्या गटावर हवं ते गट नंबर घालून लिहा. घराचा कागद बाईच्या नावावर, विकायला बंदी आणि जमीन सोसायटीच्या मालकीची, या तीन अटी अर्जात आधीच टाका; नंतर कुणी टाकू देणार नाही.