मामा, दिसतंय का?

आमच्या घरात लग्नपत्रिकेचे मुद्रितशोधन हे माझे खाते. कॉलेजात मराठी शिकवतो, वार्षिक अंकाचे काम माझ्याकडे असते आणि कन्नडही लिहिता-वाचता येते. त्यामुळे भावकीतली कोणतीही पत्रिका छापायला जाण्याआधी माझ्याकडे येते. वेलांट्या-उकार तपासायचे, कोणाच्या नावाआधी 'कै.' राहिले का ते पाहायचे, कन्नड बाजूला आडनाव नीट उमटले आहे ना एवढे बघायचे आणि सही करायची. हे काम मी वीस वर्षे बिनबोभाट केले. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात मात्र माझी चांगलीच फजिती झाली.

भाची पुण्यात वेबसाइटच्या डिझाइनचे काम करते. मुलगा धारवाडकडचा, कन्नड घरातला. पत्रिका दोन्ही भाषांत हवी होती आणि ती मीच करणार, असे तिने साखरपुड्यातच जाहीर केले होते.

पहिला नमुना आला तो पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरांचा. म्हटले तर हळद-कुंकू, यात कोणाला काय खटकणार? पण ताईच्या सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "ही पत्रिका आहे की एक नोव्हेंबरचं पोस्टर?" बेळगावात राहणाऱ्याला यापुढे काही समजावून सांगायला नको. गंमत अशी, की कन्नड ध्वजातला पिवळा-लाल म्हणजे अरिशिण-कुंकुमच. देव्हाऱ्यातल्या वाटीत एकत्र नांदणारे हे दोन रंग चौकात गेले की एका बाजूचे होतात. मग कोणीतरी भगवा सुचवला. त्यावर ताई म्हणाली, "आणि बीगर काय म्हणतील?"

भाचीचा आक्षेप वेगळाच होता. तिच्या कामात अक्षर आणि त्याच्या मागची जमीन यांच्या उजेडातला फरक आकड्यात मोजतात. दोन्ही सारखेच असतील तर गुणोत्तर १ आणि काळ्यावर पांढरे असेल तर २१. साध्या आकाराचा मजकूर वाचता यावा यासाठी ते निदान ४.५ असावे, असा नियम वेबच्या जागतिक संस्थेने २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घातला आहे. पांढऱ्यावर भगवी अक्षरे घेतली तर हा आकडा जेमतेम २ च्या वर जातो. भडक पिवळ्यावर लाल घेतले तर ३.७. "म्हणजे मामा, तुमची दोन्ही राजकारणं नापास!" ती हसून म्हणाली.

शेवटी तोडगा निघाला तो आईच्या ट्रंकेतून. आईची लग्नातली इरकल, गर्द हिरवी, लाल रेशमी पदराची. इलकल बागलकोट जिल्ह्यात, पण ही साडी आपल्या आज्यांनी आणि त्यांच्या अव्वांनी सारख्याच हौसेने नेसली. मुलाच्या आईने फोटो पाहिला आणि फोनवरच म्हणाली, "छलो ऐति!" दोन्ही घरे एकदम खूश. भाचीने साडीतले रंग उचलले. बाकी पत्रिका साईच्या रंगाची, वर-खाली गर्द हिरव्या पट्ट्या आणि मधल्या हिरव्या पट्टीवर लाल अक्षरांत मुहूर्त, एकीकडे मराठीत, एकीकडे कन्नडमध्ये.

नमुना माझ्यासमोर आला आणि माझ्या पोटात गोळा उठला.

आता जे कबूल करायचे ते करून टाकतो. मला लाल-हिरव्यातला भेद कळत नाही. हे मला कळले २००१ साली. बी.ए. झाल्यावर रेल्वेत सहायक स्टेशन मास्तरच्या जागेसाठी लेखी परीक्षा पास झालो आणि वैद्यकीय तपासणीला गेलो. ठिपक्याठिपक्यांच्या गोल चित्रांचे पुस्तक समोर धरले. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेली ही चाचणी अजून जगभर वापरतात. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, तो ओळखायचा. माझ्या आधीचा मुलगा भराभर आकडे सांगून गेला. मला पहिल्या पानानंतर नुसते ठिपकेच दिसले. मी अंदाजाने आकडे ठोकले आणि नापास झालो. त्यात त्यांचे काही चुकले नाही. ज्याला सिग्नलचा लाल-हिरवा कळत नाही, त्याच्या हाती गाड्या कशा द्यायच्या? घरी येऊन सांगितले, की डोळ्याचा नंबर आडवा आला. वडील गेले ते हेच खरे समजून. पुढे एम.ए. केले, नोकरी लागली, लग्न झाले. शर्ट बायको काढून देते, ती मला गबाळा समजते, एवढ्यावर निभावले होते.

त्या हिरव्या पट्टीवर अक्षरे आहेत हे मला माहीत होते. दिसत होते ते असे, की मातकट सारवणावर मातकटच मुंग्या. भाचीने विचारले, "मामा, दिसतंय का नीट?" मी म्हणालो, "झकास." घरी नेऊन खिडकीपाशी तिरपे धरून पाहिले. मराठीतले "दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी" कसेबसे लागले. कन्नड ओळ तशीच असणार असे धरून चाललो आणि सही केली.

पाचशे पत्रिका छापून आल्या. चौथ्या दिवशी व्याह्यांचा फोन. आवाज थंड. कन्नडमध्ये मुहूर्त १२.५३ पडला होता. ३ आणि ५ यांची अदलाबदल, बस. पण मुहूर्त त्यांच्या गुरुजींनी काढून दिलेला. आपल्या पाहुण्यांना एक वेळ आणि त्यांच्या पाहुण्यांना दुसरी, याचा त्यांच्या घरात काय अर्थ लावला गेला असेल ते मी ओळखले. ताई रडायला लागली. भाची स्वतःलाच दोष देत होती, कारण मजकूर तिनेच टाइप केला होता. छापखान्याकडे बोट दाखवायची सोय होती, पण माझी सही असलेला नमुना त्यांच्याकडे होता. मी रात्रभर जागा होतो. सकाळी ताईकडे जाऊन सगळे सांगितले आणि तसाच धारवाडची बस पकडून व्याह्यांपुढे बसलो. चोवीस वर्षे जे बायकोला सांगितले नव्हते ते त्यांना कन्नडमध्ये सांगितले. परक्या भाषेत कबुली सोपी जाते की काय कोण जाणे. ते गंभीरपणे ऐकत होते. मग त्यांनी दाराकडे बोट करून विचारले, "ही तोरणाची पानं तुम्हाला कोणत्या रंगाची दिसतात?" मी म्हणालो, "पानं हिरवी असतात, म्हणून हिरवी." ते मोठ्याने हसले आणि आतून चहा मागवला.

भाची मात्र हसली नाही. तिने तो रंगांचा जोड मोजून पाहिला. गुणोत्तर सव्वासुद्धा नव्हते. म्हणजे तुम्हाआम्हाला, चुकलो, तुम्हाला तो लाल हिरव्यावर उठून दिसतो तो केवळ रंग वेगळा म्हणून. उजेड दोघांचा जवळजवळ सारखाच. रंग काढून घेतला की अक्षर पट्टीत बुडते. "ऑफिसात प्रत्येक पान तपासते, घरच्या कामात विसरले," ती म्हणाली. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारांमागे एकाला हा दोष असतो, आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी, हे तिला पाठ होते. मामा त्यात असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हते.

यावर पहिला शास्त्रीय निबंध जॉन डाल्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १७९४ मध्ये वाचला, तोही स्वतःच्याच डोळ्यांवर. त्याचे डोळे मरणोत्तर जपून ठेवले होते. १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएवरून निदान झाले, की हिरवा टिपणारे रंगद्रव्यच त्याच्याकडे नव्हते. भाचीने हे मला वाचून दाखवले आणि जरा थांबून विचारले, "मामा, मग माझ्या मुलाला?"

हा दोष आजोळकडून येतो. मला आहे म्हणजे आईकडे तो होताच, तिला स्वतःला काही जाणवले नाही तरी. ताईकडे आला असण्याची शक्यता निम्मी आणि भाचीकडे त्याच्याही निम्मी. चारात एक. तिच्याकडे असला, तर प्रत्येक मुलग्याला पुन्हा निम्मी. मी हे आकडे सांगितले तेव्हा ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती. "रेल्वेत नाही जाणार, एवढंच ना?" ती तिथूनच म्हणाली. मला बरे वाटले आणि थोडा रागही आला, कारण रेल्वेत जायची मला फार इच्छा होती.

दुसरी पत्रिका साईच्या रंगावर गर्द कुंकवी अक्षरांत छापली. काळी शाई शुभकार्याला चालत नाही आणि हा रंग काळ्याच्या जवळ जाऊनही कुंकवात मोडतो. गुणोत्तर दहाच्या वर. हिरवा फक्त किनारीला उरला. इरकल ओळखू येत होती, असे सगळे म्हणाले. या वेळी भाचीने आधी रंग काढून, नुसत्या राखाडीत नमुना दाखवला. त्यात सगळे वाचता आले तेव्हाच तिने रंग भरले. मुहूर्ताची ओळ मी दोन्ही लिप्यांत बोट ठेवून मोठ्याने वाचली आणि मग सही केली.

आता ती पुण्याहून अधूनमधून आपले काम पाठवते. सोबत एकच ओळ असते, "मामा, दिसतंय का?" गेल्या महिन्यात एक अर्ज आला होता, भरताना चुकले तर चौकट लाल होणारा. मी तो मुद्दाम चुकवून पाहिला आणि कळवले, की मला तरी सगळ्या चौकटी सारख्याच दिसतात. अर्ध्या तासात नवा आला. चुकलेल्या दोन चौकटींपुढे उद्गारचिन्ह होते आणि खाली एकेक वाक्य. एका वाक्यात 'क्रमांक'चा अनुस्वार राहिला होता, तोही कळवला.