भोजली

रायपूर हे मुळात तलावांचे शहर. जुनी वस्ती तलावांच्या काठाने वाढली. त्यांतील बुढा तलावाला पुढे विवेकानंद सरोवर हे नाव मिळाले. 1877 ते 1879 या काळात बालक नरेंद्र याच परिसरात राहिला होता. काही तलाव मात्र बुजले. राजबंधा तलाव आता केवळ एका मैदानाच्या नावात उरला आहे.

या पाण्याशी जडलेला सण म्हणजे भोजली. श्रावणात मुली टोपल्यांत गहू पेरतात, अंधाऱ्या कोपऱ्यात ते पिवळसर कोंब जोपासतात आणि राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी डोक्यावर मिरवीत नेऊन तलावात शिरवितात. गीतांतून आळविली जाते ती गंगादेवी. त्या सायंकाळपुरता वस्तीतला तलावच गंगा होतो. घटातले असेच कोंब महाराष्ट्रात दसऱ्याला टोपीत खोवतात. छत्तीसगडात ते एकमेकींच्या कानावर खोवले, की जन्माचे नाते जडते. त्यानंतर त्या दोघी परस्परांचे नाव उच्चारीत नाहीत. 'भोजली' हीच हाक.

छत्तीसगडावर 1854 पर्यंत नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते; मराठी घरे येथे जुनीच आहेत. अशा एका घरात नागपूरहून सून आली. पहिल्याच श्रावणात तिने शेजारच्या मुलीशी भोजली बदलली. हिला छत्तीसगडी येत नव्हती, तिला मराठी. पुढे पन्नास वर्षे दोघींनी एकमेकींची बाळंतपणे, लग्नकार्ये आणि मर्तिके निभावली.

शेजारीण वारली तेव्हा या वृद्धेने दहा दिवस सुतक पाळले. नागपूरच्या भाच्याला ते चमत्कारिक वाटले. त्याने फोनवर विचारले, "आत्या, त्या तुझ्या कोण लागत होत्या?" 'मैत्रीण' हा शब्द ओठांवर आला, पण तो तिला अपुरा वाटला. मैत्रिणीचे सुतक कोणी धरीत नाही. ती म्हणाली, "भोजली." भाच्याला ते मृत स्त्रीचे नाव वाटले. "भोजलीबाई फार चांगल्या होत्या म्हणायच्या," तो म्हणाला. तिने त्याची चूक दुरुस्त केली नाही. पन्नास वर्षे तिच्या तोंडी दुसरे नाव आले तरी कोठे होते?

पुढल्या श्रावणात विसर्जन आटोपून शेजारणीची लेक ओले कोंब घेऊन दारात आली. ते तिने वृद्धेच्या कानावर खोवले, पायांवर डोके ठेवले आणि आपल्या आईला मारीत असे तीच हाक मारली, "दाई."