निशाणी नांगराची

आजोबांचे नाव नातवाला ठेवायची आमच्या भागातली जुनी रीत. आमच्या घरातही ती पाळली जाते. पण पणजोबांचे नाव मात्र पुढच्या तीन पिढ्यांत एकाही मुलाला ठेवले गेले नाही. लहानपणी मी आजीला याचे कारण विचारले होते. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांनी भावाचं रान खाल्लं म्हणतात लोक. असं नाव लेकराला कशाला रे बाबा?" आजोबा ओसरीवरच बसले होते. ते एवढेच म्हणाले, "वडिलांनी काय केलं ते वडिलांना ठाऊक."

हे वाक्य मी पन्नास वर्षे खरे धरून चाललो.

आमचे गाव हिंगोली तालुक्यात, कयाधू नदीच्या काठाला, नामदेव महाराजांच्या नर्सीपासून दोन कोसांवर. नदीकडची जमीन काळी, खोल. टेकाडाकडे सरकत गेले की मुरूम लागतो. आज तिथे सोयाबीन, तूर आणि पाणी असेल तिथे हळद दिसते. पणजोबांच्या काळी ज्वारी, गावरानी कापूस, करडई आणि जवस. कयाधूला आजही पावसाळ्यात पूर येतो आणि होळीपर्यंत ती बहुतेक कोरडी पडते. तेवढे मात्र बदललेले नाही.

त्याच रानात आमचे सोळा एकरांचे शेत आहे. त्याच्या मधोमध एक जुना बांध आहे. कृषी खात्यात नोकरीला लागल्यापासून मी शेकडो बांध पाहिले. उताराला आडवा घातलेला बांध पाणी अडवण्यासाठी असतो, हे मला लगेच कळते. हा बांध उताराच्या दिशेने जातो. असा बांध पाण्यासाठी कुणी घालत नाही, तो वाटणीसाठी घालतात. पण शेत तर एकाच नावावर! ही गोष्ट मला खटकायची, आणि मी ती सोडून द्यायचो.

२०२३ साली मराठवाड्यात निजामकाळातल्या जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबा-खापरपणजोबांची नावे शोधायला गावोगावचे लोक अभिलेख कक्षाकडे धावले. आमचा पुतण्याही निघाला. "काका, तुम्हाला सरकारी कागद वाचायची सवय आहे, सोबत चला," म्हणाला. मी रजा टाकली.

हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी, परभणीतून वेगळा होऊन. पण हे गाव जुने ठाण्याचे. निजामाच्या राज्यात इथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. ती फौज १९०३ साली इंग्रजी सैन्यात मिसळली. १९१२ च्या सुमारास पूर्णेहून रेल्वे आली. त्याच्या आधी कापसाच्या गाड्या बैलांनीच लांब न्यायच्या. पणजोबा गाडीवान म्हणून जात असत, एवढेच काय ते चांगले घरात सांगितले जाई.

ज्यांना असा शोध घ्यायचा असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक हा जमिनीचा पायाचा कागद मानतात. त्यात गट नव्हे, जुने सर्व्हे नंबर असतात. सातबाऱ्यावरच्या फेरफारांवरून मागे मागे जात तो नंबर आधी काढून घ्यावा. त्याच्याही आधीचे सेतवार आणि पाहणीचे कागद पुष्कळदा उर्दूत किंवा मोडीत असतात. त्यांच्यावर फसली साल असते. निजाम राज्यातल्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो. महिनेही निराळे: आजुर, दै, बहमन, असे बारा. पाहून घाबरू नये, वाचणारे अजून भेटतात.

खासरा पत्रकात आम्हाला आजोबांचे नाव मिळाले. पूर्ण सोळा एकर, दुसरे कुणी नाही. पुतण्याला आणखी जुने हवे होते. एका निवृत्त उर्दू शिक्षकांना विनंती केली. मास्तरसाहेबांनी फसली १३३८ चे, म्हणजे १९२८-२९ चे पत्रक बोट ठेवून वाचायला घेतले. सर्व्हे नंबर जुळला. पट्टेदार म्हणून पणजोबांचे नाव आले. पुतण्या खूष झाला, फोटो काढू लागला. मास्तरसाहेब म्हणाले, "थांबा, ओळ संपली नाही. पुढे शिकमी आहे."

शिकमीदार म्हणजे काय हे नव्या पिढीला माहीत नसेल. निजामाच्या कायद्यात शेतसारा भरायची जबाबदारी एका माणसावर असे, तो पट्टेदार. त्याच जमिनीत ज्याचा मुळापासून हक्क असे पण पट्टा त्याच्या नावावर नसे, तो शिकमीदार. त्या रकान्यात पणजोबांच्या पुतण्याचे नाव होते. पुढे हिस्सा लिहिला होता: आठ आणे.

रुपयात सोळा आणे. आठ आणे म्हणजे अर्धे. सोळा एकरांत आठ.

ज्या माणसाने भावाचे रान खाल्ले म्हणून त्याचे नाव टाकून दिले, त्यानेच भावाच्या पोराचे नाव सरकारदरबारी लावून ठेवले होते. मुलगा तेव्हा पंधराच्या आतबाहेर. पणजोबा गप्प बसले असते तर विचारणारे कोण होते?

मग हा माणूस होता तरी कसा? कागदात सारा आणि हिस्सा सापडतो, माणूस सापडत नाही. आमच्या घरी एक ऐकीव गोष्ट होती, की पणजोबा एकदा नाशिकला जाऊन आले होते. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात. जिल्हा, गाव आणि आडनाव सांगितले की ते वही काढतात. दिवाळीनंतर मी निघालो. हिंगोलीहून पूर्णा, तिथून गाडी बदलून मनमाड आणि नाशिक. पणजोबाही याच वाटेने गेले असणार. फरक इतकाच, की तेव्हा मनमाडपर्यंत लहान रूळ होता आणि तिथे मोठ्या गाडीत चढावे लागे.

पंचवटीत गुरुजींनी लाल कापडात बांधलेली वही सोडली. मोडीतली ओळ ते सावकाश वाचू लागले. शके १८४१. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १९१९. पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे, आजोबांचे. धाकटा भाऊ मयत, त्याच्या अस्थी घेऊन आले. सोबत भावाचा मुलगा, वय वर्षे पाच.

१९१८ च्या पावसाळ्याअखेर मानमोडीची साथ आली होती. जगभर पसरलेल्या त्या इन्फ्लुएन्झाने आपल्या देशातही लाखो माणसे नेली. खेड्यात एकेका घरातून दोन-दोन तिरड्या निघाल्या, असे जुनी माणसे सांगत. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ त्यातच गेला असावा. तो काळ पाहिला तर वही समोर दिसते त्याहून मोठी वाटू लागते. त्या वर्षी पाऊसही कमी, धान्य महाग. अशात एक अडाणी शेतकरी पाच वर्षांच्या पोराला घेऊन तीन गाड्या बदलत नाशिकला येतो. अस्थी एकट्यानेही आणता आल्या असत्या. पोराला आणले, कारण वहीत त्याचे नाव लागावे. ज्याचा बाप गेला त्याचा घराण्यातला धागा कुठेतरी लिहून ठेवावा, हे त्याला कळत होते.

ओळीच्या शेवटी पणजोबांची सही नव्हती, शाईने काढलेला एक छोटा नांगर होता. लिहिता न येणाऱ्याने आपल्या धंद्याची खूण करायची, ही जुनी पद्धत. शेतकऱ्याची निशाणी नांगर. इसाड जरा वाकडे आले होते, पण रुमणे आणि फाळ नीट ओळखू येत होते. मी बीएस्सी अॅग्री शिकलो, तीस वर्षे कागदांवर सह्या करतो आहे. त्या नांगरासारखी एकही सही माझ्या हातून झाली नसेल.

परतीच्या गाडीत झोप आली नाही. पणजोबा निर्दोष, तर मग शिकमीचे नाव खासऱ्यात का नाही? उत्तर फार दूर नव्हते. ते माहीत असलेला माणूस आमच्याच गावात, चार घरे सोडून राहतो. त्या पाच वर्षांच्या पोराचा मुलगा, नात्याने माझे चुलत काका, वय पंच्याऐंशीच्या पुढे. तीन पिढ्या आमच्या दोन घरांत पाणी प्यायचीही सोय नव्हती. लग्नपत्रिकासुद्धा गावच्या कुणाकरवी जायची.

दुपारी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले. "कोण? तू होय! बस. उन्हाचा आलास, पाणी पी आधी." सूनबाईंनी तांब्या आणून ठेवला. मी प्यालो.

काकांनी सांगितले ते असे. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांची दहशत वाढली तेव्हा त्यांच्या वडिलांनी बिऱ्हाड उचलले. निजामाची हद्द ओलांडली की पलीकडे वऱ्हाड. काका तेव्हा आठ वर्षांचे. रात्री पैनगंगा ओलांडताना आईने तोंडावर हात दाबून धरला होता, हे त्यांना आजही आठवते. १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्त झाले, पुष्कळ लोक परतले. पण यांचे बैल गेले होते, बियाणे गेले होते. वडील वाशीमकडे सालाने राहिले. एकाची दोन, दोनाची सात वर्षे झाली. परतले तेव्हा खासरा होऊन गेला होता. पणजोबा त्याच्या आधीच वारले होते. घरात कर्ते होते माझे आजोबा.

"तुझे आजोबा म्हणाले, कागदात तुझं नाव कुठाय?" काका म्हणाले. "आमच्या बापाला वाचता येत नव्हतं. त्यांनी लई वेळा सांगितलं, मोठ्या काकांनी माझं नाव लावलंय. पण दाखवावं कुठून?"

माझे आजोबा. त्यांनी मला औताला जुवाट कसे बांधायचे ते शिकवले. बैलाला पाणी पाजल्याशिवाय ते कधी जेवले नाहीत. त्यांच्या शेतीवर पोसून मी शिकलो. त्यांना आठ आणे माहीत नव्हते, असे मला स्वतःला पटवता येत नाही. मधला बांध रोज त्यांच्या पायाखाली होता. "वडिलांनी काय केलं ते वडिलांना ठाऊक," हे वाक्य त्यांनी मेलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवले आणि त्या माणसाला उत्तर देता आले नाही.

आणि मी तरी कोण मोठा? वडील गेल्यावर वारस लावताना बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतले, तिला साडी नेसवली आणि भाऊबीज झाली असे मानले. पत्रकातून एक नाव कसे गळते, हे पाहायला मला उर्दू वाचायची गरज नव्हती.

त्या आठ एकरांत माझ्या वाट्याला दोन एकर सव्वीस गुंठे येतात. ते परत करायचे बोलणे मी घरात काढले. सौभाग्यवती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "हळदीचं पीक निघू द्या, मग करा." मोठे बंधू अजून तयार नाहीत. सत्तर वर्षांपूर्वीचे कोण उकरतो, असे त्यांचे म्हणणे. धाकटा म्हणतो, दादा म्हणेल तसे. त्यांच्यावर रागवायचा मला अधिकार नाही. मीही तो बांध तीस वर्षे पाहून न पाहिल्यासारखे केले. बहिणीला मात्र मी फोन केला आहे. ती म्हणाली, "आता कशाला काढतोस?" आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

जमिनीचे मी काकांना सांगितले तेव्हा त्यांनी हो-नाही काही केले नाही. मोबाइलवर काढलेला वहीच्या पानाचा फोटो तेवढा पुन्हा पुन्हा दाखवायला लावला. मोडी त्यांना येत नाही, मला येत नाही. मी बोट ठेवून सांगितले, हे तुमच्या वडिलांचे नाव, आणि हे पुढे लिहिले आहे, वय वर्षे पाच.

"माझा बाप पाच वर्षांचा होता, हे लिहून ठेवलंय तिथं?" त्यांनी विचारले.

"हो काका."

"मला ने एकदा."

पेरणी उरकली की आम्ही दोघे निघणार आहोत. गुरुजींनी आमच्या नावांसाठी पान मोकळे ठेवले आहे. मी गेल्या खेपेला तिथे काही लिहवले नाही. दोन्ही घरांची नावे एका ओळीत यायची, तर ती काकांनी सांगावीत.