परत कोण चाललंय?

परदेशातला मुक्काम हलवून भारतात राहायला जायचं ठरवलं की सगळे एकच प्रश्न वेगवेगळ्या सुरांत विचारतात. का? म्युनिकमधल्या जर्मन शेजारणीने तो काळजीने विचारला, तिथल्या मराठी मित्रमंडळींनी संशयाने, आणि पुण्यातल्या मावशीने तर 'नोकरी गेली का गं?' असं सरळ विचारून टाकलं. आमच्याकडे सांगण्यासारखं कारण होतं. आई गेल्यापासून बाबा महाडला एकटे राहत होते. वय ७८, आणि म्युनिक राहू दे, पुण्यालाही यायला तयार नव्हते. पण खरं म्हणजे ११ वर्षांत आम्ही दोघं इतक्या वेळा 'परत जाऊ या' म्हणालो होतो, की बाबांचं एकटेपण हे त्या वाक्याला मिळालेलं निमित्त होतं.

घर ऑगस्टअखेर रिकामं करून द्यायचं होतं. सामानाचा कंटेनर हॅम्बुर्गकडे रवाना झाला होता. हल्ली बरीचशी जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जातात, त्यामुळे न्हावाशेवाला सामान लागायला दोन महिने धरा, असं सांगण्यात आलं. म्हणजे इथलं घर सुटलेलं, तिथलं लागायचं. मधल्या दहा दिवसांत आगगाडीने इटली बघायची आणि रोमहून विमान पकडायचं, असं आम्ही ठरवलं. चार बॅगा, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची लेक.

निघण्यापूर्वी एका मैत्रिणीने बजावलं, "सहा महिन्यांत एकदा येऊन जा, दार उघडं ठेवा." जर्मनीचा कायम वास्तव्याचा परवाना साधारणपणे देशाबाहेर सहा महिन्यांहून जास्त राहिलं की आपोआप रद्द होतो. जर्मन नागरिकत्व आम्ही घेतलं नव्हतं, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि तो पासपोर्ट सोडवेना. लेकीने हे संभाषण ऐकलं होतं. "म्हणजे सहा महिने मी अजून इथलीच?" तिने विचारलं. तिचा जन्म म्युनिकचा, पासपोर्ट भारताचा, आणि भारत म्हणजे तिच्या लेखी डिसेंबरातले तीन आठवडे, डास आणि आजोबा.

म्युनिकहून दक्षिणेला जाणारी गाडी इन्सब्रुक ओलांडून ब्रेनरच्या खिंडीत चढते. खिंडीची उंची १,३७० मीटर. तिथे ऑस्ट्रिया संपून इटली सुरू होते, पण पाट्यांवर दोन्ही भाषा राहतात: ब्रिक्सन आणि ब्रेसानोने, बोत्सेन आणि बोल्झानो. लेक खिडकीला नाक लावून प्रत्येक स्टेशनाची दोन्ही नावं मोठ्याने वाचत होती. नवरा सहज म्हणाला, "आता आपण परत चाललोय ना, तर तुलाही दोन नावांच्या गावात राहायची सवय होईल. बॉम्बे-मुंबई, पूना-पुणे." ती मान न वळवता म्हणाली, "तुम्ही परत चाललाय. मी परत नाही चालले. मी नुसती चाललेय."

आम्ही दोघं गप्प झालो. गेलं वर्षभर घरात, फोनवर, शाळेच्या अर्जात आम्ही 'परत' हा शब्द तिघांच्या वतीने वापरत होतो.

बोल्झानोला दोन दिवस राहिलो. हा दक्षिण टिरोल पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. मुसोलिनीच्या काळात इथल्या शाळांतून जर्मन हद्दपार झाली, तेव्हा लोक मुलांना चोरून घरात जर्मन शिकवत. मग १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनीने मिळून या लोकांपुढे पर्याय ठेवला: भाषा हवी असेल तर जर्मन राज्यात निघून जा, घर हवं असेल तर इथे राहा आणि इटालियन व्हा. बहुसंख्यांनी जाण्याच्या बाजूने कौल दिला आणि सुमारे ७५ हजार लोक प्रत्यक्ष गेलेही. युद्ध संपल्यावर त्यातले काही परत आले. आज त्याच बाजारात दुकानदार तुम्हाला दोन्ही भाषांत 'काय देऊ' विचारतो. लेकीला याहून आवडला तो संग्रहालयातला ओट्झी. ५,३०० वर्षांपूर्वी मेलेला हा माणूस १९९१ मध्ये बर्फात सापडला, तेव्हा तो कोणाचा यावरून प्रश्न उभा राहिला. मोजणी झाली आणि तो इटलीच्या हद्दीत, सीमेपासून सुमारे ९२ मीटरवर निघाला. "पण त्याला कोणी विचारलं का?" लेकीचा प्रश्न. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

बोलोन्यात ज्यांच्याकडे खोली घेतली होती ते गृहस्थ पंच्याहत्तरी ओलांडलेले. आम्ही म्युनिकचे म्हटल्यावर त्यांनी गंज चढलेली जर्मन बाहेर काढली आणि मोकापात्रात कॉफी चढवली. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी आणि इटली यांच्यात कामगारांचा करार झाला, त्यानंतर लाखो इटालियन माणसं जर्मनीच्या कारखान्यांत गेली आणि त्यांतली बहुतेक कधी ना कधी परतली. हे त्यातलेच. अठराव्या वर्षी पुलियातल्या खेड्यातून श्टुटगार्टजवळच्या कारखान्यात, १४ वर्षं. परतले ते मात्र गावी नाही, बोलोन्याला, कारण काम इथे होतं. मला आमचं पुणं आठवलं. महाडच्या बाबांसाठी आम्हीही पुण्यातच राहणार होतो, घाट उतरून तीन-साडेतीन तासांवर.

मी विचारलं, "जमलं का परत आल्यावर?"

ते हसले. "पहिल्या वर्षी सगळे विचारत, कधी आलास? दुसऱ्या वर्षी, का आलास? तिसऱ्या वर्षापासून कोणी काही विचारेना. तेव्हा मला वाटलं, पोचलो." मग कॉफी ओतता ओतता म्हणाले, "मुलगी आठ वर्षांची होती आम्ही आलो तेव्हा. एकोणिसाव्या वर्षी ती परत गेली. श्टुटगार्टला असते. तिच्या मुलांशी मी अशीच मोडकी जर्मन बोलतो."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण 'परत गेली' हे त्यांनी मुलीच्या बाजूने म्हटलं होतं, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही. बाबांना एकटं राहायला लागू नये म्हणून आम्ही निघालो होतो. दहा वर्षांनी तेच आमच्या वाट्याला येण्याची तयारी आपण आत्ताच करून ठेवतोय का, हा हिशेब मी अंधारात पुन्हा पुन्हा मांडत होते. नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, "म्युनिकला राहिलो असतो तरी ती एकोणिसाव्या वर्षी कुठेतरी गेलीच असती. आपण नाही का गेलो?" हे बरोबर होतं, पण त्याने झोप लागत नाही.

दुसऱ्या दिवशी फोर्लीला गेलो. ही बाबांची मागणी होती. महाडहून मुंबईला जाताना माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा लागतो. लहानपणी बाबा एसटीतून तो दाखवायचे आणि सांगायचे, हा आपल्या पळसगावचा मुलगा इटलीत लढला. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याच्या तीन डिव्हिजन इटलीत होत्या, सुमारे ५० हजार माणसं, त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी. जुलै १९४४ मध्ये टायबरच्या वरच्या खोऱ्यात घाडग्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. ठाणं पडलं आणि ते शत्रूच्या गोळ्यांना बळी पडले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांची समाधी कुठेच नाही, नाव तेवढं कॅसिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ मध्ये मोंतोने गावात त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं.

बोलोन्याहून फोर्लीला जाणारी गाडी फाएन्झाच्या अलीकडे सेनिओ नदी ओलांडते. पाणी म्हणाल तर आपल्याकडच्या ओढ्याएवढं. याच नदीवर, खालच्या अंगाला, ९ एप्रिल १९४५ रोजी निमजचे नामदेव जाधव यांनी सुरुंग पेरलेल्या काठावरून जखमी सोबत्यांना पाण्यातून अलीकडे आणलं, मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते घरी परतले आणि १९८४ पर्यंत जगले. दोघंही १९२१ च्या नोव्हेंबरात जन्मलेले.

फोर्लीच्या भारतीय युद्धस्मशानात हिरवळ कापलेली होती आणि आमच्याशिवाय कोणी नव्हतं. ज्यांचं दहन झालं त्या हिंदू आणि शीख सैनिकांची नावं तिथे स्मारकावर कोरली आहेत. मराठा पलटणीखालची आडनावं आमच्या इमारतीतल्या पत्रपेट्यांवर शोभतील अशी. लेक एकेक अक्षर लावत वाचत होती. "हे सगळे परत जाणार होते?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन दूर धरून बराच वेळ नावं पाहिली आणि मग म्हणाले, "ऊन लागतंय पोरीला. सावलीत घे तिला."

रोम तीन दिवसांत जेवढं होतं तेवढं केलं. कोलोसियमची रांग, ट्रेव्हीची गर्दी, दिवसाला दोन आइस्क्रीम. शेवटच्या संध्याकाळी टायबरच्या पुलावर उभे होतो. हे पाणी त्याच वरच्या खोऱ्यातून येतं, हे मी लेकीला सांगितलं. ती थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग तिने मला विचारलं, "जर्मनमध्ये 'येते' कसं म्हणायचं?"

तिला आजोबांनी शिकवलं होतं, घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं. तिने म्युनिकला जिवलग मैत्रिणीचा निरोप घेताना ते जसंच्या तसं जर्मनमध्ये म्हटलं होतं, आणि मैत्रीण गोंधळून म्हणाली होती, "कधी येतेस?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सहा महिन्यांच्या आत."

मराठीत 'येते' ही रीत असते, वचन नसतं, हे मी तिला सांगितलं नाही. नवऱ्याला म्हटलं, फेब्रुवारीची तिकिटं किती पडतील ते बघून ठेव. त्याने फोन काढला. बाबांना रात्री कळवलं, उद्या निघतोय. 'परत' हा शब्द मी त्या निरोपात घातला नाही.