पूनालाइटचे दिवस

1831 साली ब्रुक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने पुण्याहून आलेल्या एका झिओलाइटला ‘पूनालाइट’ असं नाव दिलं. पांढरे, लांबट, सुयांसारखे स्फटिक. त्या काळी नवं खनिज जाहीर करायचं तर नमुना हाती यावा, पैलूंमधले कोन मोजावेत, जमलं तर कुणाकडून रासायनिक पृथक्करण करून घ्यावं आणि ते नियतकालिकात छापून टाकावं. परवानगी कुणाची घ्यायची नसे. पुढे ठरलं की पूनालाइट वेगळं नाहीच; ते स्कोलेसाइटच्या कुळातलंच, आधीपासून माहीत असलेलं खनिज. झालं, पुण्याचं नाव पुसलं गेलं. नागपुरातही हेच घडलं. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने 1859 मध्ये ‘हिस्लोपाइट’ आलं. हिरवंगार आणि देखणं, पण निघालं साधं कॅल्साइट. हिरवा रंग त्यात मिसळलेल्या दुसऱ्याच खनिजाचा.

मला या पुसलेल्या नावांची माया वाटते. त्यांच्यामागे बघणारा डोळा होता, आणि आम्ही कॉलेजात शिकलो तेही त्याच डोळ्याच्या परंपरेत. दगड हाती आला की आधी चमक, मग पाटन, मग चिनी मातीच्या खडबडीत फरशीवर घासून कस. काठिण्य नखाने, तांब्याच्या नाण्याने, चाकूच्या पात्याने अजमावायचं. फुंकनळीने ज्योत वळवून स्कोलेसाइटची सुई तापवली की ती अळीसारखी वळवळत आखडायची. ते पाहिलेला विद्यार्थी हे खनिज जन्मात विसरत नसे. नॅट्रोलाइट या दुसऱ्या झिओलाइटच्या सुयाही तशाच पांढऱ्या. पण ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली नॅट्रोलाइट सरळ रेषेत काळवंडतं आणि स्कोलेसाइट तिरकं. तो थोडासा तिरकेपणा पकडण्यात संपूर्ण दुपार जायची, आणि त्या दुपारींसारखं सुख मला पुढे कुठल्याही यंत्रापुढे मिळालं नाही.

निम्मी शाळा दगडखाणीतच भरायची. सुरुंग उडाला, धूळ बसली की खडी फोडणारी माणसं काळ्या पाषाणातल्या पोकळ्या तपासत. स्टिल्बाइट, अपोफिलाइट ही नावं त्यांना ठाऊक नसतील, पण कोणती पोकळी भरलेली आहे आणि घण कुठे घातला तर आतले स्फटिक न दुखावता निघतील, हे त्यांच्याइतकं आम्हाला कधीच जमलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून कॅव्हान्साइट भरभरून निघू लागलं. पांढऱ्या स्टिल्बाइटवर गडद निळे गोळे! जगभरच्या संग्राहकांना वाघोली हे गाव माहीत झालं ते त्या निळ्यामुळे.

खनिज म्हणून कॅव्हान्साइटची नोंद मात्र वाघोलीतून झाली नाही. ते आधी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सापडलं होतं. तिथून 1973 मध्ये स्टेपल्स, इव्हान्स आणि लिंडसे यांनी एकाच वेळी दोन खनिजांचं वर्णन केलं, कॅव्हान्साइट आणि पेंटॅगोनाइट. दोन्ही निळी, आणि दोन्हींत कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका, पाणी अगदी त्याच प्रमाणात. फरक आहे तो फक्त आतल्या अणूंच्या मांडणीत, आणि तो क्ष-किरणांनीच उलगडतो. पेंटॅगोनाइट वाघोलीतही मिळतं. फुंकनळीचा जमाना असता तर या दोघांचं एकच नाव होऊन बसलं असतं, हे मला कबूल करावंच लागतं.

नाव द्यायला आता परवानगी लागते. 1959 पासून आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेचा आयोग नव्या खनिजांचे प्रस्ताव तपासतो. रासायनिक संघटन, स्फटिकरचना, घनता, प्रकाशीय गुणधर्म, सगळं मांडावं लागतं. देशोदेशीचे सभासद मत देतात. मूळ नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो, म्हणजे उद्या कुणालाही तो पुन्हा तपासता येईल. स्वतःचं नाव स्वतःच्या खनिजाला देता येत नाही. इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत टाकून केसाहून लहान कणातलीही मूलद्रव्यं मोजता येतात, त्यामुळे आजची कित्येक नवी खनिजं नुसत्या डोळ्यांना कधी दिसलेलीच नसतात. मान्य खनिजांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली आहे. यादीतल्या नावावर आता विसंबता येतं आणि त्याचं मोल मी जाणतो. पण दगड हाताळायच्या आधी विद्यार्थी यंत्राने काढलेला त्याचा आलेख बघतो तेव्हा मला राहवत नाही. संशय आधी डोळ्याला यावा लागतो. हा रंग इथे कसा, ही सुई तिरकी का, असं ज्याला वाटत नाही त्याने झोत टाकायचा तरी कुठे?

वाघोलीच्या शिवारात आज इमारतींची दाटी आहे. नवी पोकळी उघडण्याची वाट आता कितीशी बघणार? जुने नमुने मात्र आहेत. कॉलेजांच्या कपाटांत, खणांत, पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्यांसकट. जगात बरीच नवी खनिजं हल्ली संग्रहालयांतल्या अशाच जुन्या नमुन्यांत सापडताहेत. भूशास्त्र विभागाच्या स्थलांतरात हे ट्रे अडगळ म्हणून टाकून दिले जातात, ते थांबवा. चिठ्ठीवरचं गावाचं नाव फाटू देऊ नका, आणि एखाद्या मुलीला भिंग देऊन त्या कपाटासमोर बसवा.