इंदूर-मुंबई : अंतर किती?

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना मुंबई किती दूर असे विचारले, तर उत्तर किलोमीटरांत येत नाही; ‘एक रात्र’ असे येते. सायंकाळी अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसावे, रतलामच्या सुमारास डबा सोडावा आणि पहाटे मुंबई सेंट्रलला उतरावे, हा आमचा रूढ हिशेब.

नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर दोन्ही शहरांतील हवाई अंतर सुमारे ५०५ किलोमीटर भरते. आगगाडी मात्र सुमारे ८३० किलोमीटर धावते. दक्षिणेला जायचे असूनही ती आधी उत्तरेस उज्जैन गाठते आणि मग नागदा, रतलाम, बडोदा, सुरत असा वळसा घेते. सरळ वाटेवर विंध्य, नर्मदा, सातपुडा, तापी आणि सह्याद्री आडवे आहेत.

यांतील पहिले दोन अडथळे ओलांडण्याचे श्रेय दुसऱ्या तुकोजीराव होळकरांकडे जाते. १८७० मध्ये त्यांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने दिले, आणि पाताळपाणी-कालाकुंडचा घाट चढून मीटरगेज गाडी खांडव्याहून इंदुरास आली. खांडव्याला गाडी बदलून मुंबईस जाणे हा आमच्या वाडवडिलांचा मार्ग होता. रुंदीकरणासाठी २०२३ मध्ये महू ते ओंकारेश्वर रोड हा टप्पाही बंद झाला.

विमानाला हे डोंगर आड येत नाहीत. बिजासन टेकडीजवळच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून निघालेले विमान साधारण सव्वा तासात मुंबईस टेकते. घरापासून घरापर्यंतचा वेळ धरला, म्हणजे तपासणी, प्रतीक्षा आणि मुंबईतील वाहनांची गर्दी जमेस धरली, तर पाच तास सहज जातात. तरीही बारा तासांच्या तुलनेत हे थोडेच. पूर्वी वडीलधाऱ्यांच्या निधनाची तार येई, तेव्हा इंदूरची लेक बहुधा दहाव्यालाच पोहोचे. आज सकाळी निरोप आला तरी तिला दुपारी आईचे अंत्यदर्शन घडू शकते. ज्या घरावर असा प्रसंग आला आहे, त्याला विमानाचे मोल सांगावे लागत नाही.

परंतु आमचे सारेच आप्त मुंबईत नाहीत. कोणाचे आजोळ शिरपूरला, कोणाची सोयरीक धुळ्याला, कोणाचे कुलदैवत नाशिककडे. विमान याच मुलखावरून जाते, पण तेथे उतरवीत नाही. त्यांच्यासाठी आजही आग्रा रोड हाच आधार. सेंधव्यापुढचा घाटही बिजासनचाच. देवीला हात जोडून घाट उतरला की दुकानांवरच्या पाट्या मराठी दिसू लागतात आणि मुले त्या मोठ्याने वाचू लागतात. हिंदी शाळेत शिकणाऱ्या आमच्या मुलांना भाषेचा हा धडा पस्तीस हजार फुटांवरून मिळत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटर लांबीच्या इंदूर-मनमाड रेल्वेमार्गास मंजुरी दिली. धुळ्यावरून जाणारा हा मार्ग पुरा झाला, तर मुंबईचे रेल्वे-अंतर पावणेसहाशेच्या आसपास येईल. विमानाशी त्याची बरोबरी व्हायची नाही. पण वाटेत धुळ्याला उतरून मावशीकडे दोन दिवस राहता येईल. वाचकांनी आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. आमच्या मते त्यांना या गाडीचीच ओढ अधिक असेल.